सरमेचा प्रश्न

महाभारताच्या शेवटी एक कुत्रा आहे, हे आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक असते. स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला, ही गोष्ट प्राथमिक शाळेतील मूलही सांगू शकेल. परंतु त्याच महाभारताच्या आरंभीही एक कुत्री उभी आहे आणि तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आदिपर्वातील अनुक्रमणिका संपून कथेला प्रारंभ होतो तो कुरुक्षेत्रावर चाललेल्या जनमेजयाच्या सत्रापासून. तेथे सरमा या देवांच्या कुत्रीचे पिल्लू येते. जनमेजयाचे तिघे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. 'तू काही अपराध केलास का?' असे सरमा आधी त्यालाच विचारते. 'मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही,' असे ते सांगते. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन राजाला विचारते, 'माझ्या मुलाने काहीच केले नसता त्याला का मारले?' तिला कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते आणि जनमेजय चिंतेत पडतो.

ही कथा मी संस्कृतच्या तासाला पुष्कळ वर्षे सांगत आलो. सरमा प्रथम शाप देत नाही, प्रथम प्रश्न विचारते. शाप येतो तो उत्तर न मिळाल्यामुळे, हा तिच्यातील बारकावा मात्र गेल्या वर्षापर्यंत माझ्या ध्यानात आलेला नव्हता. तो ध्यानात येण्याचे कारण वैयक्तिक आहे. तथापि ते केवळ वैयक्तिक नाही, असे वाटल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

घरगुती कारण

आमच्याकडे ठमी नावाची कुत्री नऊ वर्षे होती. जातिवंत वगैरे काही नव्हती. एका पावसाळ्यात शाळेच्या सायकल स्टँडमध्ये सापडलेले गावठी पिल्लू माझ्या मुलीने ओढणीत गुंडाळून घरी आणले आणि 'पाऊस उघडला की सोडून येऊ' या बोलीवर जे घरात शिरले ते राहिलेच. पुढे मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेली, माझी आई वारली, घरात आम्ही उभयता उरलो. त्या रिकाम्या घराला जी काही जाग होती ती ठमीची.

ती गेली त्या दिवशी शाळेत निकालपत्रके तयार करण्याचे काम चालू होते. मी एक दिवसाची नैमित्तिक रजा घेतली आणि अर्जात 'घरगुती कारणास्तव' असे लिहिले. खरे कारण लिहिण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना ते कळले. एकाने 'आमच्या आळीत चार पिल्लं आहेत, एक घेऊन जा' असे सुचविले. दुसऱ्याने 'अहो, कुत्रंच ते' म्हणून समजूत घातली. यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. माणूस गेले म्हणजे काय बोलावे, काय करावे, याची समाजाने एक रीत घालून दिलेली आहे. खांदा देणे आहे, दहावा-तेरावा आहे, भेटायला येऊन नुसते बसून राहणे आहे. या रीतींचा मोठा उपयोग असा की, शोक करणाऱ्याला आपल्या शोकाचा संकोच वाटत नाही. शेतकऱ्याचा बैल गेला तरी शेजारीपाजारी त्याच्या ओसरीवर येऊन बसतात, कारण घराचा आधार गेला हे त्यांना न सांगता कळते. कुत्र्यासाठी अशी रीत नाही. उलट आपल्या भाषेने कुत्र्याचा मृत्यू हे अवहेलनेचे परिमाण करून ठेवले आहे: एखादा बेवारशी मेला तर 'कुत्र्याच्या मौतीने मेला' असे आपण सहज म्हणून जातो.

तरीही नुसता शोक असता तर तो काळाने हलका केला असता. नऊ वर्षांचे कुत्रे म्हणजे उतारवयाचे. त्याचे मरण अनपेक्षित म्हणता येत नाही. शोकाला संशयाची जोड मिळाली म्हणजे मात्र त्याचे स्वरूप पालटते. गेलेल्याची आठवण काढू लागावे तर ती शेवटच्या चार दिवसांपाशी येऊन अडते आणि मन साक्षीपुरावे तपासू लागते.

न विचारलेला प्रश्न

घडले ते असे. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासण्यास घेतले होते. ठमीचे पाण्याचे भांडे एरवी दिवसातून दोनदा भरावे लागे, ते चार-पाच वेळा भरावे लागू लागले. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. पत्नीने दोनदा सांगून पाहिले. मी गठ्ठा संपविण्याच्या नादात होतो. तिसऱ्या दिवशी ठमीने अन्न टाकले, ओकली, तेव्हा तिला गावातील एका खासगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी दोन हातांवरून पाहिले, 'उन्हाळ्याचं पित्त आहे' असे सांगितले आणि सलाइन व दोन इंजेक्शने दिली. पोटाला हात लावला नाही, ताप मोजला नाही, रक्त तपासण्यास सांगितले नाही.

पुढचे दोन दिवस डॉक्टर भेटलेच नाहीत. त्यांच्या मदतनिसाने तीच इंजेक्शने पुन्हा दिली. त्याने ठमीला साखळीने ओढून पत्र्याच्या टेबलावर घेतले आणि ती गुरगुरली म्हणून तिचे तोंड बँडेजच्या पट्टीने करकचून बांधले. तिला त्या वेळी उमळे येत होते. ओकणाऱ्या जनावराचे तोंड बांधले तर ओकारी श्वासनलिकेत जाऊन जीव धोक्यात येतो, हे मला नंतर समजले. परंतु हे सारे चालू असताना मी काय करीत होतो? मी तिचे मागचे पाय धरून ठेवले होते. दुसऱ्याच्या दवाखान्यात, दुसऱ्याच्या विद्येच्या क्षेत्रात 'थांबा' म्हणावे, हे मला सुचले नाही. शिकल्यासवरलेल्या माणसाला परक्या विद्येपुढे एक भीड पडते. ती मला पडली. ठमी मान वळवून माझ्याकडे पाहत होती. मदतनिसाच्या दांडगाईपेक्षा ते पाहणे विसरणे मला अधिक कठीण जाते.

त्या रात्री माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता परगावी पशुवैद्यक आहे. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, 'सर, शेवटची माजावर कधी आली होती?' होळीच्या सुमारास, म्हणजे सहा-सात आठवड्यांपूर्वी, असे पत्नीने सांगितले. 'पोटाची सोनोग्राफी झाली नसेल तर आत्ताच निघा,' तो म्हणाला. आम्ही गाडी ठरवून जिल्ह्याच्या गावाकडे निघालो. ठमीने वाटेतच प्राण सोडला. पहाटे परसातल्या पेरूच्या झाडाखाली तिला पुरले.

त्या प्रश्नाचा अर्थ नंतर कळला. नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात माज संपल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत पू साठण्याचा विकार होऊ शकतो. त्याला पायोमेट्रा म्हणतात. तो दुर्मीळ नाही. माजानंतर शरीरातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याची प्रतिकारशक्ती मंदावते आणि जंतूंना आयतेच बिऱ्हाड मिळते. त्या जंतूंच्या विषाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवी वाढते आणि म्हणून तहानही वाढते. गर्भाशयाचे मुख उघडे असेल तर स्राव दिसतो आणि रोग कळतो. ते मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि धोका मात्र अधिक असतो. सोनोग्राफीने किंवा क्ष-किरण तपासणीने तो बहुधा ओळखता येतो. खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती वेळेवर झाली तर बहुतेक कुत्र्या वाचतात.

संशयाची दुसरी बाजू

येथवर वाचून वाचकांनी डॉक्टरांना दोषी ठरविले असेल. मीही अनेक रात्री तसे ठरविले आहे. परंतु न्यायबुद्धीने पाहू गेल्यास मला ते सिद्ध करता येत नाही. पाणी जास्त पिणे, ओकणे, अन्न टाकणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारात दिसतात, मधुमेहात दिसतात, यकृताच्या रोगातही दिसतात. माझ्या विद्यार्थ्यानेही फोनवरून निदान केले नाही. त्याने फक्त शंका घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने चाचरत विचारले, 'सर, पोस्टमॉर्टेम केलं का?' तोवर पेरूखालची माती सारखी झाली होती. तेव्हा ठमी नेमकी कशाने गेली हे मला यापुढे कधीही कळणार नाही.

दोषाची वाटणी करू गेल्यास माझा वाटाही लहान नाही. ती वर्षाची असताना तिची शस्त्रक्रिया करून घ्या, असे सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी सुचविले होते. 'मुक्या जनावराला कशाला कापाकापी' म्हणून आम्ही ते टाळले. ती शस्त्रक्रिया झाली असती तर निदान या विकाराची शंका तरी उरली नसती. पेपरांच्या गठ्ठ्याखाली गेलेले दोन दिवस वेगळेच.

आणि डॉक्टरांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडील पशुवैद्यक व्यवस्था मुळात गाय, म्हैस, बैल यांच्याभोवती उभी राहिली. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झाले. त्यानंतरच्या काळात तालुक्यातालुक्यांत दवाखाने झाले. परंतु लोकांच्या तोंडी त्यांचे नाव आजही 'गुरांचा दवाखाना' असेच आहे. कुत्र्याची सोनोग्राफी, रक्ततपासणी, शस्त्रक्रिया यांच्या सोयी मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. रोगी बोलत नाही, प्रसंगी चावतो, आणि दुखणे लपविणे हा त्याचा स्वभावच. मालक तपासणीच्या खर्चाला नाके मुरडतो आणि 'एक इंजेक्शन देऊन टाका' असा धोशा लावतो. अशा परिस्थितीत घाईने अंदाज बांधण्याची सवय लागली तर तिला एकटे डॉक्टर जबाबदार नाहीत.

म्हणूनच महिन्याभराने मी त्या दवाखान्यात गेलो तो भांडण्यासाठी नव्हे. कोणती इंजेक्शने दिली होती आणि गर्भाशयाची शंका आली होती की नाही, एवढेच मला विचारायचे होते. डॉक्टर म्हणाले, 'मास्तर, वय झालं होतं तिचं,' आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावले. 'मला त्या वेळी सुचले नाही' असे ते म्हणाले असते तर मी घरी जाऊन रडलो असतो आणि कदाचित मोकळा झालो असतो. सरमेच्या कथेतला तो बारकावा मला त्या दिवशी बसस्टँडपर्यंत चालत येताना उमगला.

दहा रुपयांचे जनावर

कायदा या बाबतीत काय म्हणतो? जनावर ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत जनावराला मारणे वा जायबंदी करणे या गुन्ह्यासाठी त्याची किंमत किमान दहा रुपये असावी लागे, आणि गुरे, घोडे आदी सोडून इतर जनावरांच्या बाबतीत कडक शिक्षेसाठी ती पन्नास रुपये असावी लागे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही किंमतीची अट काढून टाकली, हे योग्यच झाले. पण हा गुन्हा हेतुपुरस्सर केलेल्या हानीचा. उपचारातील हयगयीला तो लागू पडत नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे आणि तो अद्याप तसाच आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले, तेव्हाही हा दंड बदलला नाही.

पशुवैद्यकांच्या व्यवसायासाठी 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्यानुसार नोंदणीकृत पदवीधरासच पशुवैद्यकीय व्यवसाय करता येतो. पदविका वा प्रमाणपत्र घेतलेल्यांस किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात ही नोंदणी ठेवणारी परिषद नागपुरास आहे आणि व्यवसायातील गैरवर्तनाची तक्रार तिच्याकडे करता येते. पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. तथापि न्यायालये निदानातील चूक आणि निष्काळजीपणा यांत फरक करतात. माणसांच्या डॉक्टरांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले की, निर्णयात चूक झाली एवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. हे तत्त्व रास्तच आहे. प्रत्येक चुकीला शिक्षा होऊ लागली तर कठीण रोग्याला कोणी हातच लावणार नाही.

मात्र हा फरक करण्यासाठी काय घडले ते आधी कळावे लागते, आणि सगळे अडते ते तेथे. माझ्यापाशी पुरावा म्हणून आहे तो औषधाच्या दुकानाची एक चिठ्ठी; तिच्यावर तीन गोळ्यांची नावे आहेत. इंजेक्शनांचा उल्लेख नाही, वजन नाही, तापमान नाही, रोगाचे नाव नाही. एवढ्या भांडवलावर तक्रार करणे म्हणजे माझ्या संशयाला कायद्याचा अंगरखा घालणे होय. ते मी केले नाही.

कागदाची गरज

शिक्षेची मागणी करणे सोपे असते. मला त्याहून साध्या गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली ही की, दवाखान्यात आलेल्या प्रत्येक जनावराचा केसपेपर लिहिला जावा आणि त्याची प्रत मालकाला मिळावी. वजन, ताप, तपासणीत काय आढळले, कोणत्या रोगाची शंका आहे, कोणते औषध किती दिले, एवढ्या पाच ओळी पुरेत. माणूस आपल्यावर काय झाले ते दुसऱ्या डॉक्टरला स्वतः सांगू शकतो. कुत्र्याच्या वतीने तो कागदच बोलणार. म्हणजे माणसाच्या दवाखान्यापेक्षा येथे कागदाची गरज अधिक आहे, आणि प्रघात मात्र नेमका उलटा.

दुसरी गोष्ट कबुलीची. 'मला निश्चित कळत नाही, तुम्ही मोठ्या दवाखान्यात जा' हे वाक्य उच्चारल्याने कोणत्याही डॉक्टरची प्रतिष्ठा कमी होत नाही. शिक्षकाच्या पेशातही हा अनुभव येतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसताना ठोकून दिलेले उत्तर त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहते. 'उद्या पाहून सांगतो' म्हणणारा मास्तर मुलांना अधिक विश्वासाचा वाटतो.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या पाळणाऱ्यांनी करायची आहे. घरात मुके जनावर ठेवले म्हणजे त्याची जीभ होण्याचे काम आपल्याकडे येते. माजाच्या तारखा, लशी, पूर्वीची दुखणी, खाण्यापिण्यातला बदल यांची नोंद एखाद्या जुन्या वहीत ठेवावी. इंजेक्शन भरले जात असताना त्याचे नाव विचारावे. असे विचारणे हा डॉक्टरचा उपमर्द नव्हे. जनावराला कोणी आडदांडपणे हाताळू लागले तर 'थांबा' म्हणावे. आणि दुर्दैवाने ते गेलेच व मनात किंतु असेल, तर पुरण्यापूर्वी शवविच्छेदनाचा विचार करावा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत रोगाने झालेले बदल ओळखणारे विकृतिशास्त्राचे जाणकार आहेत. देह लवकर न्यावा लागतो आणि बर्फात गार ठेवला तर चालतो, पण गोठू देऊ नये, हे मला उशिरा कळले. गेलेल्या जिवाची चिरफाड करविणे क्रूरपणाचे वाटते खरे. परंतु आयुष्यभर पुरणारा संशय त्याहून क्रूर आहे. शिवाय त्यातून डॉक्टर निर्दोष ठरला तर त्याच्यावरचा अन्यायही टळतो. मी एका माणसाविषयी वर्षभर मनात आकस बाळगून आहे, आणि तो कदाचित बरोबरही असेल.

जनमेजयाच्या मंडपात ज्यांनी सरमेला उत्तर दिले नाही ते दुष्ट होते असे महाभारत म्हणत नाही. ते मोठ्या कामात होते, आणि एका कुत्रीच्या प्रश्नाला उत्तर देणे लागते हे त्यांना वाटलेच नाही. आपल्याही दवाखान्यांत, शाळांत आणि कचेऱ्यांत पुष्कळशी अनुत्तरे याच जातीची असतात.

ठमी गेल्यावर आठ महिन्यांनी मुलगी सुटीत घरी आली ती पुन्हा एक पिल्लू घेऊनच. पत्नीने नको-नको म्हणत दूध तापविले. मी कपाटातून एक कोरी दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख आणि वजन लिहिले, आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांसाठी शेवटची दहा पाने राखून ठेवली.